तारखेची पाटी रोज बदलणारे मिठाईचे दुकान

सुट्या मिठाईपुढे ‘या तारखेपूर्वी खावी’ अशी पाटी लावणे १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचे असले, तरी आमच्या चौकातले हे दुकान ती रोज पुसून नव्याने लिहिते, याचे मला मनापासून कौतुक वाटते. कलाकंदापुढे त्याच दिवसाची, तर काजूकतलीपुढे आठवडाभरानंतरची तारीख असते. नुसता वास घेऊन भागत नाही, कारण विषबाधा करणारे जिवाणू वाढूनही खव्याचा रंग, वास अनेकदा बदलत नाही आणि स्टॅफिलोकॉकस या जिवाणूचे विष तर पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून तारीख उलटलेले पेढे, दिसायला कितीही चांगले असले तरी, टाकूनच द्यावेत. उणीव एवढीच की, खोक्यावर ही तारीख मागितल्याशिवाय लिहून मिळत नाही.