निफाडच्या थंडीसाठी ऑइल हीटर: ४ स्टार

निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा ५-६ अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली, आणि आमच्या आजीला दमा, म्हणून यंदा दिवाळी झाल्या झाल्या ११ फिनचा, म्हणजे तेल भरलेल्या ११ उभ्या पट्ट्यांचा, ऑइल हीटर आणला. कॉईलचा लालभडक हीटर समोर बसलं की भाजतो आणि बंद केला की लगेच खोली गार, याचं तसं नाही, आतलं तेल तापायला वेळ लागतो पण बंद केल्यावरही बराच वेळ ऊब राहते, उजेड नाही, पंख्याचा आवाज नाही, आजीला शांत झोप लागते. तेल सीलबंद असतं, भरायची-बदलायची भानगड नाही.

घ्यायच्या आधी वायरिंग बघून घ्या. २५०० वॅटला १६ अँपिअरचा जाड पिनवाला सॉकेट लागतोच, एक्स्टेंशन बोर्डवर अजिबात लावू नका, बोर्ड वितळतो. बिलाचं म्हणाल तर फुल्लवर तासाला अडीच युनिट, पण थर्मोस्टॅट (तापमानाचं बटण) मधोमध ठेवला की हीटर आपोआप कट होत राहतो. आणि स्लायडिंग खिडकीच्या फटी फोम टेपने बुजवा, दाराखाली पट्टी लावा, नाहीतर कितीही तापवा, ऊब टिकतच नाही.

चाकं बसवायला माणूस पाठवतो म्हणाला दुकानदार, कुणी आलंच नाही, शेवटी भावाने बसवली, एक स्टार त्याचा कापला.

कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपत असाल तर प्लीज आजच थांबवा, कार्बन मोनॉक्साईडला वासही नसतो, झोपेतच जीव जातो.