सेन्सर आणि बायबॅक दाखवून मुसळी लावायला सांगत असतील तर आधी हे वाचा

सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४८९२ होता, पण आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औसा भागात बऱ्याच जणांनी चार हजाराच्या आसपासच घातलं, त्यामुळं कोणी पीक बदला म्हणलं की माणूस ऐकायला बसतोच. तेवढ्यात एका कंपनीची पोरं गावात आली. सफेद मुसळी (औषधी मुळ्यांचं पीक) लावा, कंद आमचे, ड्रिप आमचं, मातीत सेन्सर बसवतो, मोबाईलवर सगळं दिसेल आणि वाळलेला माल आम्हीच परत विकत घेणार, म्हणजे बायबॅक. पाचशेच्या बाँडवर लिहूनही दिलं. एकरी पावणेतीन लाख, त्यात सव्वादोन नुसते कंदाचे. पैसे कंपनीच्या नाही, एका माणसाच्या खात्यावर घेतले, बिल "नंतर पाठवतो".

मुसळीला निचऱ्याची हलकी जमीन लागते, आमची भारी काळी. विचारलं तर म्हणे सेन्सर आहे ना, ओलावा कंट्रोलमध्ये राहतो. अहो सेन्सर ओलावा मोजतो, वावरातलं पाणी उपसत नाही! आणि देठाकडचा डोळा असलेलीच मुळी उगवते, यांच्या पोत्यात निम्म्या तुटक्या, त्या गादीवाफ्यातच कुजल्या. उरलेल्या सप्टेंबर २०२५ च्या पावसानं नेल्या, तो पाऊस मराठवाड्यात सांगायला नको.

वावरात गुडघाभर पाणी आणि अ‍ॅपवर हिरवी टिक, "ओलावा योग्य". चुलतभावानं सेन्सर उपटून आणून फडताळात ठेवला, तरी हिरवीच! भरपाई मागायला गेलो तर तेच अ‍ॅप आमच्यापुढं धरलं, बघा रीडिंग बरोबर आहे म्हणजे तुमच्याच मशागतीत चूक.

काकांचं रान माळाचं, मुरमाड, तिथं थोडी निघाली. ओली पाच किलो असली तर वाळून साधारण किलोभर राहते, त्यात सोलायची मजुरी वेगळी, एवढं करून नेली तर सॅपोनिन (मुसळीतला औषधी घटक) कमी आहे म्हणून परत. लॅबचा रिपोर्ट मागितला तो दिलाच नाही, आणि पुढं फोनच बंद.

यांची कमाई जूनमध्येच कंद विकून झाली होती हो, माल घ्यायची गरजच कुठं होती. २०१९ ला इस्लामपूरकडं कडकनाथ कोंबड्यांत पण असंच, पक्षी विकताना गोड बोलणं आणि परत घ्यायच्या वेळी गायब. पीक बदलणं वाईट नाही, ड्रिप आमच्याकडं आधीपासून आहे आणि ते कामाचं आहे. पण जो लागवडीचा माल महाग विकतो तोच खरेदीची हमी देत असेल तर आधी मुसळी खरंच विकत घेणारा दुसरा व्यापारी शोधा, त्याला भाव विचारा, माती तपासा, पक्कं बिल हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका.

आणि फसला असाल तर गप्प बसू नका. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं मुसळीच्याच बायबॅक केसमध्ये असा शेतकरी ग्राहक ठरतो असं सांगितलंय, म्हणजे जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखापर्यंत फी पण नाही. आमचे कागद वकिलाकडं दिलेत. औसा-निलंग्याकडं अजून कोणाकडं असा बाँड असेल तर तो आणि बँकेचं स्टेटमेंट जपून ठेवा, अ‍ॅप डिलीट करू नका, त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.