ब्लॅक फेमिनिझम वाचायचंय, पण सुरुवात कुठून? तरुण मुलग्यांसाठी तीन पर्याय

ब्लॅक फेमिनिझम, म्हणजे कृष्णवर्णीय स्त्रियांचा स्त्रीवाद, म्हटलं की तीन लेखनांची नावं कायम पुढे येतात: बॉस्टनच्या कोम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह या कृष्णवर्णीय स्त्रीवाद्यांच्या गटाचं १९७७चं निवेदन, अमेरिकी कायदेतज्ज्ञ किम्बर्ले क्रेनशॉ यांचा १९८९चा कायद्यावरचा लेख आणि अमेरिकी लेखिका बेल हुक्स यांचं २००४चं पुस्तक ‘द विल टू चेंज’. पुरुषांना सहसा तिसरं सुचवलं जातं, कारण ते पुरुषांबद्दलच आहे. आमच्या मते सुरुवातीला नेमकं तेच घेऊ नये.

क्रेनशॉ यांचा लेख साधारण तीस पानांचा. भाषा वकिली आहे, तळटीपा भरपूर, पण जनरल मोटर्सच्या खटल्याचा भाग कुणालाही कळतो. पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी दावा लावला होता. १९६४पूर्वी कंपनीने कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलंच नव्हतं. पुढे मंदी आली, शेवटी आलेला आधी बाहेर हा नियम लागला आणि १९७०नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रियांची नोकरी गेली. १९७६मध्ये न्यायालय म्हणालं, कंपनी १९६४च्या आधीपासून स्त्रियांना घेत होती, मग लिंगभेद कसा? पण आधीपासून घेतलेल्या त्या स्त्रिया गोऱ्या होत्या. वंशभेदाची तक्रार दुसऱ्या चालू खटल्यात न्यावी, दोन्ही एकत्र करून नवा दावा मांडता येणार नाही, असंही ठरलं. ‘इंटरसेक्शनॅलिटी’, म्हणजे दोन भेदभाव एकाच व्यक्तीवर एकत्र येणं, हा शब्द या अडचणीसाठी आला. वाचणारे चुकतात ते इथेच: कोणावर किती अन्याय, याची बेरीज म्हणून ते हा शब्द वापरतात. क्रेनशॉ दाखवतात ते वेगळं आहे. वंशभेद आणि लिंगभेद या दोन्हींविरुद्धचे कायदे हाताशी असूनही या बायका दोन्हींच्या मधून निसटतात. ज्याला आधी पुरावा लागतो, त्याने इथून सुरुवात करावी.

कोम्बाहीचं निवेदन एका बैठकीत वाचून होतं. स्वतः गुलामगिरीतून निसटलेल्या हॅरिएट टबमन यांनी १८६३मध्ये साउथ कॅरोलिनातल्या ज्या नदीवरच्या मोहिमेतून सातशेहून अधिक गुलामांना सोडवलं, त्या नदीचं नाव या गटाने घेतलं. पुरुषांना वगळून वेगळं राहण्याचा मार्ग निवेदन नाकारतं. वंशभेदाविरुद्ध कृष्णवर्णीय पुरुषांच्या सोबत, आणि पुरुषी वर्चस्वाबद्दल त्यांच्याशीच झगडा, अशी ही भूमिका आहे. तरुणाला आपली जागा इतकी स्वच्छ दुसरीकडे क्वचितच सापडते.

निवेदन एकटं वाचलं तर घोषणापत्रासारखं कोरडं वाटू शकतं. म्हणून याच गटाचं १९७९चं पत्रक सोबत ठेवा. त्या वर्षी बॉस्टनमध्ये एकामागून एक कृष्णवर्णीय स्त्रियांचे खून होत होते. सभेत पुरुष वक्ते सांगत होते की बायकांनी घरात राहावं, आम्ही रक्षण करू. कलेक्टिव्हने पत्रक काढलं: सहा कृष्णवर्णीय स्त्रिया, त्या का मेल्या? खून थांबेनात, तसा शीर्षकातला आकडा बदलत न्यावा लागला. पत्रकात स्वसंरक्षणाच्या सूचना आहेत, आणि घरात बसण्याच्या सल्ल्याला सरळ उत्तर आहे: त्याने निरपराधांना शिक्षा होते, गुन्हेगार सुरक्षित राहतात, आणि बाईला कामावर जावं लागतं, किराणा आणावा लागतो, मुलांना घ्यायला जावं लागतं. रक्षणकर्ता होण्याची हौस असलेल्या मुलाने हे दोनदा वाचावं.

हुक्स यांचं पुस्तक तिघांत सगळ्यात सोपं. गोट्या खेळायच्या हट्टापायी लहानग्या मुलीला, म्हणजे खुद्द हुक्स यांना, वडिलांनी मारल्याचा प्रसंग त्यात आहे: भावाला गोट्यांत फारसा रस नाही, हिला आहे, आणि मार हिलाच. पितृसत्ता मुलग्यांच्या भावना कशा मारते, हे त्या फार मायेने लिहितात. धोकाही तिथेच. आधी हे वाचलं तर तरुण स्वतःच्या दुःखाशी थांबतो, आणि ज्या बायकांच्या अनुभवातून हा विचार उभा राहिला त्या मागे पडतात. म्हणून हे शेवटी, आणि घाई असेल तर पितृसत्तेवरचं प्रकरण तेवढं.

मराठी वाचकाने यात एक चौथं जोडावं: समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांचा दलित स्त्रीवादी भूमिकेवरचा १९९८चा इंग्रजी लेख. दलित पँथरने १९७२मध्ये नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. त्याच चळवळीच्या लेखनात स्त्री बहुतेक वेळा आई किंवा अत्याचाराची बळी एवढ्याच रूपात येते, असं रेगे दाखवतात. कोम्बाही वाचून झाल्याच्याच आठवड्यात हा लेख घ्या.