पेटीचा सोलर कुकर: पाडव्यापासून गड्ड्यापर्यंत वापरून कसा वाटला

गुढीपाडव्याला घेतलेला सोलर कुकर आमचा सोलापूरचा गड्डा, म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वराची यात्रा, संपला तरी गच्चीवर चालू आहे, म्हणून आता लिहायला हरकत नाही. ग्रुपवर बऱ्याच जणींनी विचारलं होतं, खरंच शिजतं का नुसतं शोभेचं. शिजतं. पण फक्त गॅस वाचवायचा म्हणून घेणार असाल तर आधी हे वाचा, कारण गॅस वाचतो तो बेताचाच, आमचा सिलेंडर पूर्वीपेक्षा आठवडाभर जास्त जातो एवढंच, आणि तेही पावसाळा सोडून. सोलापुरात याचा खरा फायदा म्हणजे उन्हाळ्यात स्वयंपाकघर तापत नाही. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४३-४४, वर तापलेला स्लॅब, आणि त्यात कुकरच्या शिट्ट्या मोजत उभं राहायचं, हे ज्यांनी केलंय त्यांना जास्त सांगायला नको.

आमचा एकदम साधा आहे, लाइटचं बॅकअप वगैरे काही नाही. आतून काळी पेटी, वर दोन काचांचं झाकण, त्यावर आरसा आणि आत काळ्या रंगाचे चार डबे. सकाळी नऊच्या सुमारास ऑफिसला निघताना मी डाळ, तांदूळ, बटाटे आणि एखादं कडधान्य लावून जाते, दुपारी सासूबाई काढतात. मध्ये एकदा पेटी उन्हाकडे फिरवली तर बरं, नाही फिरवली तरी उन्हाळ्यात काही बिघडत नाही. भाताला उन्हाळ्यात दीड तास धरा, तूरडाळ भिजवलेली असेल तर दोन-अडीच तास, थंडीत यात अजून तासभर मिळवा. पाणी नेहमीपेक्षा कमी घालायचं कारण वाफ फारशी बाहेर जातच नाही, नाहीतर भाताची पेज होते. हुलगे, मटकी मस्त होतात, रताळी तर पाणी न घालता नुसती ठेवायची, गोडवा बघा कसा उतरतो. अंडीपण तशीच, कोरडी. राजमा मात्र आधी गॅसवर दहा मिनिटं खळाखळा उकळून घ्या आणि मगच ठेवा, यात आळस नको, अर्धकच्चा राजमा पोटाला वाईट.

भाकरी होत नाही, फोडणी होत नाही, तळण तर नाहीच. म्हणजे गॅस लागणारच आहे. कुणी दुकानदार सांगत असेल की पूर्ण स्वयंपाक होतो तर मान हलवा आणि पुढं चला. शिर्डीला प्रसादालयाच्या छपरावर ७३ मोठ्या डिश बसवून वाफेवर हजारोंचं जेवण करतात, ते वेगळं प्रकरण आहे, आपली पेटी म्हणजे गच्चीवरचा एक संथ कुकर.

आता शेंगदाण्याचं सांगते, कारण सोलापुरात शेंगदाण्याशिवाय घर चालत नाही. डब्याचं झाकण न लावता शेंगदाणे पसरून ठेवायचे, मधून एकदा हलवायचे, दीड-दोन तासात सालं हाताला सुटतात. एकही दाणा करपत नाही, कढईत भाजताना फोन आला की अर्धे काळे होतात तसं इथं होत नाही. पण चटणीला चालतात का, हा आमच्या घरातला मोठा वाद. सासूबाईंचं म्हणणं, "कुटाला, लाडवाला ठीक आहेत गं, पण चटणीला ती खमंग चव नाही." मला पटलं नव्हतं, मग एकाच दिवशी दोन्ही केल्या, त्यांनीच उखळात कुटल्या आणि दीराला न सांगता वाढल्या, तर तो पहिल्याच घासाला म्हणाला, "ही कसली पाणचट बे." तेव्हापासून चटणीचे दाणे उन्हात भाजून शेवटी पाचेक मिनिटं कढईत मंद आचेवर घेते. संक्रांतीचे तीळ मात्र थेट कढईत भाजले, ते पेटीत नुसते गरम होत बसतात.

आरशाचं कुणी नीट सांगत नाही म्हणून लिहिते. उन्हाळ्यात दुपारी सूर्य डोक्यावर असतो, मेच्या मध्यात तर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा आरसा उभा ठेवून काही उपयोग नाही, चांगला मागं कलता ठेवायचा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडं असतो, तेव्हा पेटीचं तोंड दक्षिणेला आणि आरसा जवळजवळ उभा. काचेवर लख्ख पट्टा पडला की बरोबर लागलं म्हणून समजायचं. आरशाकडं बघत बसू नका, डोळे दिपतात, आणि डबे काढताना जाड फडकं घ्या, आतलं भांडं गॅसवरच्या इतकंच भाजतं. पाण्याच्या टाकीची सावली कुठून कुठं सरकते तेपण आधी बघून ठेवा. आमच्या शेजारच्या अक्कांनी आमचं बघून घेतला, पण त्यांच्या गच्चीवर अकरा वाजता टाकीची सावली येते आणि पेटी सारखी उचलून न्यावी लागते, महिन्याभरात त्यांचा उत्साह संपला.

पावसाळ्यात हे प्रकरण साधारण बंदच धरा. जून ते सप्टेंबर आपल्याकडं पाऊस कमी असला तरी ढग येऊन बसतात आणि अर्धवट शिजलेली डाळ कोमट पेटीत तशीच राहिली तर आंबते. आभाळ आलं की लगेच गॅसवर घ्यायची, संध्याकाळपर्यंत वाट बघायची नाही.

तक्रार एकच पण मोठी. झाकणाची रबरी पट्टी उन्हानं कडक होऊन चिरली, काचेला आतून वाफ धरायला लागली आणि शिजायला नेहमीपेक्षा जास्त वेळ. ज्याच्याकडून घेतला त्यानं "पार्ट मागवतो" म्हणून झुलवलं ते झुलवलंच. शेवटी गाड्यांच्या काचा बसवणाऱ्याकडून तशाच मापाची पट्टी कापून आणली, बसली. घेतानाच एक जादा पट्टी मागून घ्या. रात्री पेटीवर जुनी जेकार्ड चादर दुहेरी घालते, धूळ बसत नाही, पण अवकाळीचा अंदाज असेल तर वर प्लास्टिक टाका, ओली चादर रात्रभर राहिली की आरशाच्या कडा काळ्या पडतात.

पाण्याचंही सांगायलाच पाहिजे. नळाला पाणी तीन-चार दिवसांनी येणारं, त्यामुळं भांड्याला किती पाणी गेलं हे आमच्याकडं डोळ्यात येतं. पेटीत डाळ उतू जात नाही, भात खाली लागत नाही, म्हणून डबे एका तांब्यात निघतात. घासताना मात्र तारेची घासणी नको, काळा रंग जातो. काच पुसायला ओलं फडकं पुरतं.

याच्याबरोबरच घरातले दोन पंखे बदलून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घेतले, तो अनुभव छोटा आहे. जुना पंखा ७५ वॅट घ्यायचा, हा फुल स्पीडला ३० च्या आसपास. दिवसाला पंधरा तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागं वीसेक युनिट कमी, आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टर जास्त वेळ टिकतो, उन्हाळ्यात हे सोन्यासारखं. वैताग फक्त रिमोटचा, तो कुठंतरी उशीखाली असतो आणि सगळे एकमेकांना विचारत बसतात. हिशोबानं बघायला गेलं तर पैसे आधी पंख्याचे वसूल होतील, कुकरचे नंतर. तरी माझा जीव कुकरवरच आहे.

फ्लॅटमध्ये राहत असाल आणि गच्चीला कुलूप असेल तर घेऊ नका, बाल्कनीतल्या दोन तासांच्या उन्हात काही होत नाही. दुपारी घरी कुणीच नसेल तरी चालतं, डाळभात करपत नाही, संध्याकाळी परत गरम करावा लागतो एवढंच, पण पेटी कोमट होऊन डाळभात बराच वेळ तसाच राहिला असेल तर खाऊ नका, वासावरून कळतंच असं नाही. चार डब्यांचाच घ्या, दोन डब्यांचा पाच माणसांना पुरत नाही.

आणि चहा होतो का म्हणून तिघींनी विचारलंय. पाणी गरम होतं, पण तोवर कोण थांबणार? चहा गॅसवरच.