डेकचं परमिट आणि ‘ऑफिस में है’

मागच्या अंगणात लाकडी डेक, म्हणजे घराला जोडलेला फळ्यांचा ओटा, बांधून घेणार असाल, तर फळ्यांचा रंग नंतर ठरवा. आधी टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बांधकाम खात्यात फोन करा आणि आपल्या पत्त्यावर बांधकामाचं परमिट खरंच निघालंय का ते विचारा. न्यू जर्सीत आम्हाला गंडवलं ते नेमकं इथे.

कंत्राटदार ओळखीतूनच आलेला. चहा घेणारा, ‘भाभीजी, टेन्शन मत लो’ म्हणणारा. परमिटची फी त्याने वेगळी घेतली आणि भरलेल्या अर्जाची प्रत हातात ठेवली. आता, अर्ज म्हणजे परमिट नव्हे. मंजूर परमिट कामाच्या जागी दिसेल असं लावावं लागतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘ऑफिस में है’. अर्ज टाउनशिपकडे गेलाच नव्हता.

यात फीचे पैसे खाणं ही किरकोळ गोष्ट. परमिट असलं की काँक्रीट ओतण्याआधी इन्स्पेक्टर खड्डे बघायला येतो, आणि तोच त्याला नको होता. आमच्याकडे हिवाळ्यात जमीन गोठते, म्हणून पाया साधारण ३६ इंच खाली न्यावा लागतो. नाहीतर गोठून फुगलेली माती त्याला वर ढकलते. थंडी सरता सरता एका कोपऱ्याचा खांब उचलला गेला, रेलिंग तिरकं झालं. दुसऱ्या सुताराने कडेने खणून टेप लावली, तर काँक्रीट जेमतेम १४ इंच!

मग तो डेकखाली शिरला. घराच्या भिंतीला जोडलेली आडवी फळी, जिला लेजर म्हणतात, ती बोल्टऐवजी नुसत्या खिळ्यांवर लटकलेली. वर पाणी अडवणारा पत्रा नाही, त्यामुळे मागचं प्लायवूड नखाने उकरलं तरी भुगा पडत होता. उन्हाळ्यात याच डेकवर वीस-पंचवीस माणसं जेवली होती. बिलात खांब ‘ग्राउंड कॉन्टॅक्ट’ प्रतीचे लावलेले, पण एका खांबाच्या टोकाला स्टेपल केलेलं प्लॅस्टिकचं चिटोरं तसंच राहिलं होतं. त्यावर छापलेलं, ‘अबव्ह ग्राउंड’. म्हणजे मातीला टेकवायचं नाही असं स्वस्तातलं लाकूड. फळ्या मात्र वरून अशा चकचकीत, की त्याच्या जाहिरातीत अजूनही आमच्याच डेकचा फोटो आहे.

इथे ५०० डॉलरच्या वरच्या कामाला लेखी करार लागतो. त्यावर कंत्राटदाराचा राज्याचा नोंदणी क्रमांक असावा लागतो, विम्याची प्रत सोबत लागते. तो क्रमांक कन्झ्युमर अफेअर्सच्या, म्हणजे राज्याच्या ग्राहक खात्याच्या, वेबसाइटवर स्वतः टाकून बघा. आमच्या कंत्राटदाराचा मुदत संपलेला निघाला. सही केल्यावरही कामकाजाच्या तीन दिवसांत करार रद्द करता येतो. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, आणि इन्स्पेक्टरने पाया पास केल्याशिवाय दुसरा चेक फाडू नका.

तक्रार केली आहे. कोर्टात फसवणूक सिद्ध झाली तर नुकसानीच्या तिप्पट भरपाई मिळू शकते, असा इथला कायदा. पण त्यासाठी तो इसम आधी फोन उचलेल, नोटीस घेईल असा पत्ता लागायला हवा.