लीव्हर्स की राशेल?

दुरून यंत्रावर बनणाऱ्या या दोन्ही लेस सारख्याच दिसतात. भिंगाखाली धरा, मग कळतं: लीव्हर्समध्ये धाग्यांचा पीळ, राशेलमध्ये स्वेटरसारख्या फाशांच्या साखळ्या.

लीव्हर्स यंत्र नॉटिंगहॅमच्या जॉन लीव्हर्सने 1813 मध्ये बनवलं. त्यात पितळेच्या पातळ चकत्यांसारख्या बॉबिन ताण्याच्या (उभ्या) धाग्यांमधून मागेपुढे झुलतात आणि त्यांचा धागा ताण्याला पीळ घालतो. पुढे जॅकार्डची, म्हणजे नक्षीप्रमाणे धागे हलवणाऱ्या यंत्रणेची, जोड मिळाली नि हातच्या लेसची नक्षी यंत्रावर उतरू लागली. काम मात्र संथ आणि कारागीर मुरलेला लागतो.

राशेल यंत्राच्या सुया भराभर फासे घालत जातात. नायलॉनसोबत इलॅस्टेन हा ताणला जाणारा धागाही सहज चालतो, म्हणून अंगाला ताणून बसणाऱ्या कपड्यांना हीच बरी. नक्षीची नजाकत मला लीव्हर्समध्येच जास्त वाटते, पण रोज धुवायच्या कपड्यासाठी तेवढा खर्च कशाला?

यंत्रावरून उतरलेली कोरी लेस दिसायला अगदीच ओशाळवाणी असते. ती धुतात, रंगवतात, ताणून वाळवतात. नायलॉन असेल तर उष्णतेने मापही पक्कं करतात. अरुंद पट्ट्या रुंद पन्ह्यात जोडूनच तयार झालेल्या असतात. मधला जोडधागा ओढला की अलगद सुट्या होतात. शेवटी मागचे लोंबते धागे कापतात.