ईएसडी मॅट: रबर की व्हिनाइल?
ईएसडी मॅट म्हणजे स्थिर विजेच्या झटक्यापासून इलेक्ट्रॉनिक भाग वाचवणारी, वर्कबेंचवर अंथरायची चटई. तिच्याऐवजी स्टीलचा पत्रा टाकायचा विचार आधी सोडा. चार्ज असलेली आयसी (चिप) त्याला टेकताच सगळा चार्ज एका झटक्यात उतरतो आणि आयसी जाऊ शकते. चालू बोर्ड ठेवला तर शॉर्ट ठरलेलाच. पृष्ठभागाचा रोध साधारण १० लाख ते १०० कोटी ओहम हवा. त्यात दोन्ही मॅट बसतात.

खरा फरक उष्णतेत. ३५० अंशांचं सोल्डरिंग टोक टेकलं की व्हिनाइल वितळून खड्डा पडतो. रबरावर सहसा डागावर निभावतं. व्हिनाइल मात्र स्वस्त आणि मऊ.

अर्थिंग दोन्हींना लागतंच, १ मेगाओहम (१० लाख ओहम) रोध असलेल्या कॉर्डमधून. सिलिकॉन असलेल्या क्लीनरने पुसू नका, रोधक थर बसतो.

रोज सोल्डरिंग असेल तर रबरच घ्या. नुसती जोडणी-तपासणी असेल तर व्हिनाइल पुरतं.